व्हिडिओ गेममधील वीर : मैत्री आणि आत्मबळ



विषयाचे नाव पुकारले गेले तेव्हा पहिल्या रांगेतील काही कपाळांवर आठ्या पडल्या, त्या आम्हांला इथून स्पष्ट दिसल्या. त्यात चूक काहीच नाही. या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, नोकऱ्या, व्यसनमुक्ती, आरोग्य अशा विषयांवर भाषणे झाली. मैत्रीवरही अधिकारी व्यक्तींनी पुष्कळ सांगितले आहे, त्यात आम्ही भर घालणार नाही. आम्ही बँकेत कारकुनी करणारे, शिक्षण बी.ए.पर्यंत, आणि बोलणार कशावर तर व्हिडिओ गेमवर! तेव्हा हे काम आमच्या गळ्यात कसे पडले ते आधी सांगतो.

अभ्यासिकेतील मुलांनी कार्यकारिणीकडे एक अर्ज दिला. महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी दोन तास अभ्यासिकेच्या खोलीत टीव्ही लावून सर्वांनी मिळून गेम खेळण्यास परवानगी मिळावी, अशी त्यात विनंती होती. अर्जावर बैठकीत बरीच खडाजंगी झाली. शेवटी एका ज्येष्ठ सभासदांनी सरळ विचारले, "या खेळांत मारामारीखेरीज घेण्यासारखे काय आहे, ते कोणीतरी सांगा." कोणी उठेना. आम्ही "थोडेफार आहे" एवढेच पुटपुटलो, आणि वार्षिक कार्यक्रमात आमचे भाषण ठरले. बैठकीत पुटपुटू नये हा धडा मिळाला.

प्रथम एक कबुली देतो. १९९३ ते १९९६ या काळात, म्हणजे आठवी ते दहावीच्या वर्षांत, आम्ही स्वतः व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये पडीक असायचो. गोवंडी स्टेशनच्या बाजूला पत्र्याच्या एका गाळ्यात चार मशिने होती. एक रुपयात एक डाव. घामाचा आणि विडीचा वास, आणि मालकाचे एकच वाक्य, "नाणे टाका नाही तर बाहेर व्हा." त्यातल्या एका मशिनवर जो खेळ होता त्याला सारी मुंबई 'मुस्तफा' म्हणत असे. त्याचे खरे नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स', काढला जपानच्या कॅपकॉम कंपनीने, १९९३ साली. चार वीरांपैकी एक मुस्तफा, डोक्याला टोपी, आणि पळत येऊन लाथ मारण्यात पटाईत. पोरांनी त्याचेच नाव खेळाला देऊन टाकले. या मशिनवर तिघांना एकाच वेळी खेळता येई. वाटेत जेवण सापडे, ते उचलले की अंगात ताकद येई. आमच्या तिघांचा एक अलिखित नियम होता : ज्याची ताकद सर्वांत कमी उरली आहे, जेवण त्याचे. मोडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कोणी सोबत घेत नसे. हा नियम आम्हांला कोणी शिकवला नव्हता. मशिनवर तो लिहिलेला तर मुळीच नव्हता.

पुढे वस्तीत एकाच्या घरी टीव्हीला जोडायचा गेम आला, आणि त्यात 'काँट्रा' आला. हा १९८७ सालचा खेळ. दोघे जण बंदुका घेऊन पुढे जायचे. गोळी लागली की एक 'लाईफ' गेली. एकाच्या सगळ्या लाईफ संपल्या तर तो एक बटण दाबून जोडीदाराच्या शिलकीतून एक लाईफ घेऊ शकत असे. जोडीदाराची परवानगी लागत नसे. बँकेत आमच्या टेबलावर रोज कर्जाचे कागद येतात. दोन जामीनदार, त्यांचे पगारपत्रक, फोटो, सह्या. मामा सख्ख्या भाच्याला जामीन राहायला कां-कूं करतो, ते आम्ही डोळ्यांनी पाहतो. अशा वेळी ते बटण हटकून आठवते.

असो. हे झाले आमच्या लहानपणाचे मारधाडीचे खेळ. मुलांनी अर्जात ज्याचा उल्लेख केला आहे तो प्रकार वेगळा आहे. 'फायनल फँटसी' ही जपानमधील एक लांबलचक मालिका आहे. पहिला भाग १९८७ साली स्क्वेअर कंपनीने काढला, कर्ते हिरोनोबु साकागुची. २०२३ साली सोळावा भाग आला. प्रत्येक भागाची गोष्ट वेगळी, वीर वेगळे, जगही वेगळे. राक्षस, जादू, उडती जहाजे असा सारा अद्भुत मामला. एक भाग पुरा करायला तीस-चाळीस तास सहज लागतात, म्हणजे जाडजूड कादंबरीच म्हणा. पहिल्या भागात चार वीर होते आणि त्यांना नावे नव्हती, ती खेळणाऱ्याने द्यायची. आमचा धाकटा मुलगा अकरावीत आहे. लॅमिंग्टन रोडवरून घेतलेल्या जुन्या प्लेस्टेशनवर तो हे खेळतो. इंग्रजीचे पाठ्यपुस्तक उघडायला त्याच्या जिवावर येते, पण या खेळातले पानोपानी इंग्रजी संवाद तो आईला मराठीत करून सांगतो. आम्ही जेवता जेवता ऐकत असू, आणि ऐकता ऐकता केव्हा त्यात गुंतलो ते कळले नाही.

या खेळांत प्रत्येक वीराचे बळ आकड्यांत दाखवतात. इतके प्राण शिल्लक, इतकी जादू, अमुक पातळी. लढाया जिंकल्या की आकडा वाढतो. आम्ही आकड्यांत जन्म घालवणारे, म्हणून ते आम्हांला लगेच समजले. परंतु गोष्टीतले सर्वांत मोठे प्रसंग नेमके असे आहेत की तिथे हा आकडा उपयोगी पडत नाही.

चौथा भाग घ्या. तो १९९१ साली आला. त्याचा नायक सेसिल हा राजाच्या सैन्यातला सरदार. राजाच्या हुकमावरून त्याने मिसिडिया नावाच्या गावावर हल्ला केला, निरपराध माणसे मारली, त्यांचा स्फटिक लुटून आणला. मनात खंत आहे, पण हुकूम तो हुकूम. पुढे राजाची मर्जी जाते, जहाज फुटते, आणि हा किनाऱ्याला लागतो तो त्याच मिसिडियात. गावकरी त्याला ओळखतात. सूड घ्यायचा तर घ्यावा, पण गावचा म्हातारा प्रमुख त्याला एका डोंगरावर पाठवतो आणि सोबत गावातलीच दोन जुळी मुले देतो. वर पोचल्यावर सेसिलसमोर उभा राहतो तो स्वतः सेसिलच, त्याचे जुने, काळ्या चिलखतातले रूप. लढाई सुरू होते. आमच्या मुलाने पहिल्या वेळी तलवार चालवली. पुन्हा चालवली. लढाई काही संपेना. मग त्याला कळले की इथे वार करायचाच नाही. समोरचा मारत राहतो, आपण नुसते उभे राहायचे. तेवढे सोसले की लढाई संपते. आमचा मुलगा चिडून म्हणाला, "मग एवढी तलवार दिली कशाला?" प्रश्न रास्त आहे.

आम्हांला त्यात जास्त भावली ती ती दोन मुले. ज्या माणसाने आपल्या गावाचा घात केला, त्याच्यासोबत त्यांना डोंगर चढायला पाठवले. सुरुवातीला ती पाळत ठेवायलाच आली होती. सोबत करणे ही गोष्ट प्रेमातूनच सुरू व्हावी लागते असे नाही.

आता सातव्या भागाकडे येतो, कारण आमचे खरे बोलणे त्याविषयी आहे. हा १९९७ सालचा. गोष्ट सुरू होते मिडगर नावाच्या शहरात. या शहराला दोन मजले आहेत. वर लोखंडी तबकावर श्रीमंतांची वस्ती, आणि त्या तबकाखाली, जिथून आकाश दिसत नाही, तिथे भंगारातून उभ्या केलेल्या झोपड्या. एक बलाढ्य कंपनी जमिनीतून ऊर्जा उपसते, दिवे वर लागतात, खाली माती नापीक होते. एरिथ नावाची एक मुलगी तिथल्या पडक्या देवळात फुले लावते, कारण त्या शहरात सहसा काही उगवत नाही, तिथे मात्र उगवते. मुलाने हे दाखवले तेव्हा आमच्या सौभाग्यवती पटकन म्हणाल्या, "अगं बाई, हे तर आपलंच!" आता देवनार म्हणजे मिडगर नव्हे, आणि तुलना ताणू नये. पण १९२७ सालापासून ज्या शहराचा कचरा आपल्या उशाशी येऊन पडतो आहे, त्या शहरातले आपण रहिवासी आहोत. २०१६ च्या जानेवारीत डम्पिंगला आग लागली तेव्हा धुराने शाळा बंद ठेवाव्या लागल्या. ओले फडके नाकाला लावून आम्ही बँकेत गेलो होतो. ज्यांनी तो धूर गिळला आहे त्यांना मिडगर समजावून सांगावे लागत नाही.

या भागाचा नायक क्लाउड. तो सांगतो की आपण कंपनीच्या 'सोल्जर' नावाच्या खास दलातले पहिल्या दर्जाचे योद्धे होतो. तसाच तो बोलतो, तसाच तोऱ्यात चालतो, पाठीवर भली मोठी तलवार. त्याच्याच गावची बालमैत्रीण टीफा त्याला मिडगरमध्ये भेटते. तो म्हणतो, आपण पाच वर्षांनी भेटलो. टीफाला पक्के ठाऊक आहे की सात वर्षे झाली. गावात अनर्थ घडला तेव्हा तो योद्धा म्हणून तिथे आल्याचे तिने कधी पाहिलेले नाही. त्या दिवशी आलेला योद्धा दुसराच होता. परंतु ती गप्प राहते. बोललो तर हा तुटेल, आणि न बोललो तर कदाचित सारे आपोआप ठीक होईल, असे तिला वाटते.

ते ठीक होत नाही. शत्रू सेफिरॉथ नेमकी ती भेग हेरतो. सर्वांसमोर क्लाउडला सांगतो की तू तिथे नव्हतासच, तुझ्या आठवणी खोट्या आहेत, तू माणूसच नाहीस. क्लाउड टीफाकडे पाहतो. तिने नुसते 'खोटे आहे' म्हणावे एवढीच त्याची अपेक्षा. तिच्या तोंडून शब्द निघत नाही.

हे ऐकताना आमच्या हातातला घास हातातच राहिला, त्याचे कारण सांगतो.

पार्लरमधल्या आम्हा तिघांतला एक सर्वांत हुशार होता. खेळात तर होताच, गणितातही. बारावीनंतर आम्ही दोघे एकाच कॉलेजात गेलो, तो कॉमर्सला. पहिल्या वर्षाला तो नापास झाला, आणि घरी सांगितले की पास झालो, दुसऱ्या वर्षाला बसतो आहे. त्याचे वडील रात्रपाळी करीत. लिहिता-वाचता जेमतेम येई, पण मुलगा कॉलेजात जातो हे वस्तीत दहा जणांना सांगत. जवळजवळ दोन वर्षे तो रोज सकाळी बॅग घेऊन आमच्याबरोबर निघे, लोकलमध्ये बसे, आणि कॉलेजच्या फाटकाशी आमचा निरोप घेऊन दिवसभर कुठेतरी भटकून पाचच्या गाडीला पुन्हा आम्हांला भेटे. घरी दाखवायला वह्या हव्यात म्हणून आम्ही त्याला कॉमर्सच्या एका मुलाकडून वह्या आणून देत असू. त्याला आम्ही मैत्री समजत होतो. एकदाही आम्ही त्याला विचारले नाही की बाबा रे, हे पुढे कुठवर नेणार?

एका संध्याकाळी त्याचे वडील आमच्या दारात आले. कामावरचा गणवेश अंगात तसाच. त्यांनी एवढेच विचारले, "पोरगा कालेजात जातो ना रे?" आम्ही म्हणालो, जातो. ते थोडा वेळ उभे राहिले आणि गेले. आठवड्याभरात कॉलेजातून कोणाच्या तरी मार्फत त्यांना खरे कळलेच. घरात काय झाले ते आम्ही पाहिले नाही. मित्र नाशिककडे नातेवाइकांकडे निघून गेला आणि चार वर्षे परत आला नाही. मधल्या काळात त्याचे वडील रस्त्यात भेटले की आम्ही बाजू बदलून चालत असू.

आता तो इथेच असतो, त्याचा स्वतःचा टेम्पो आहे, दोन मुली शिकताहेत. आमचे येणे-जाणे पूर्वीसारखे आहे. मात्र त्या संध्याकाळविषयी आम्ही कधी बोललो नव्हतो.

गोष्ट पुढे सांगतो. क्लाउड कोलमडतो. एका दूरच्या खेड्यातल्या दवाखान्यात तो चाकाच्या खुर्चीत बसलेला सापडतो, मान खाली, तोंडातून अर्थहीन आवाज. टीफा लढाई सोडून त्याच्यापाशी राहते. जग बुडायला आले आहे, साथीदारांना तिची गरज आहे, तरी ती राहते आणि साथीदार तिला राहू देतात. पुढे भूकंपात दोघे जमिनीच्या पोटात पडतात आणि ती त्याच्या मनाच्या आत पोचते. इथे खेळ लिहिणाऱ्यांनी कमाल केली आहे. टीफा त्याला खरे काय ते सांगत नाही. ती म्हणते, मी सांगितलेले तू ऐकून खरे मानशील, मग ते पुन्हा उसनेच. मला ठाऊक नसलेले, फक्त तुझेच असे काही आठव. मग एकेक आठवण वर येते. तो गावात आला होता, हे खरे. पण खास दलाचा योद्धा म्हणून नव्हे. त्या दलात त्याची निवडच झाली नव्हती. तो साधा शिपाई होता, आणि गावच्या लोकांसमोर, टीफासमोर, लाज वाटली म्हणून शिरस्त्राणाआड तोंड लपवून उभा होता. आणि त्या दिवशी त्या भयंकर सेफिरॉथला ज्याने पाडले तो मोठा योद्धा नव्हताच, हा लाजणारा शिपाईच होता. बळ होते ते त्या शिपायाचे होते. उसन्या बिरुदाखाली ते इतकी वर्षे दडपून राहिले होते.

ज्या रात्री मुलगा हा प्रसंग खेळत होता, त्या रात्री योगायोगाने आमचा हा मित्र घरी जेवायला होता. टीव्हीकडे पाहत त्याने विचारले, "ही पोरगी इतके दिवस गप्प का बसली?" मुलगा म्हणाला, "काका, तिला भीती वाटत होती." बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आम्ही सारा धीर एकवटून त्याला सांगितले की तुझे वडील आमच्या दारात आले होते आणि आम्ही खोटे बोललो. तो म्हणाला, "माहीत आहे. मीच पाठवलं होतं त्यांना. माझ्याने सांगवत नव्हतं. म्हटलं, तू सांगशील."

आजवर आम्ही समजत होतो की त्या दिवशी आम्ही मित्राला वाचवायला खोटे बोललो. त्याने मात्र बटण दाबले होते, आणि आमच्या शिलकीतून काही मिळाले नव्हते. तो रागावला नव्हता. भात संपवून त्याने हात धुतला आणि मुलाला विचारले, पुढे काय होतं रे त्याचं?

पंधराव्या भागाविषयी थोडक्यात सांगतो, मग संपवतो. हा २०१६ चा. चार मित्र मोटारीने प्रवासाला निघतात, रात्री तंबू ठोकतात, इग्निस नावाचा त्यांच्यातला एक जण स्वयंपाक करतो. अर्ध्या वाटेवर इग्निसची दृष्टी जाते. पुढचा रस्ता दलदलीचा. खेळणाऱ्याला पळायची सवय लागलेली असते, पण पळाले की इग्निस मागे पडतो आणि थोराड मित्र ग्लॅडिओ दरडावतो. काठी टेकत येणाऱ्या मित्राच्या चालीने चालावे लागते. आमच्या मुलाला हा भाग कंटाळवाणा वाटला. आमच्या सौभाग्यवतींना तो फार आवडला, कारण आमच्या मातोश्रींना धरून त्या रोज दवाखान्यात नेतात.

कोणी म्हणेल, हे सारे जपानचे, आपल्याकडे काही आहे की नाही? आहे. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा चमूने 'राजी' नावाचा खेळ केला. सर्कशीत कसरती करणारी राजी ही मुलगी असुरांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाला शोधत निघते. २०१७ साली त्यांनी लोकांकडून वर्गणीने पैसे उभारण्याचा प्रयत्न केला, तो फसला. तरी काम सोडले नाही. २०२० साली खेळ बाजारात आला आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्स या जागतिक पुरस्कारांत पदार्पणाच्या खेळांच्या नामांकनांत त्याचे नाव झळकले. आमच्या मते राजीला बरोबरीची एखादी मैत्रीण द्यायला हवी होती, ती फार एकटी पडते. पण तिची चिकाटी अस्सल आहे.

या खेळांची दुसरी बाजू आम्हांला दिसत नाही असे नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांनी पगाराची खाती कशी रिकामी होतात, ते आम्ही काउंटरवरून पाहिले आहे. २०२५ साली संसदेने कायदा करून अशा खेळांवर बंदी आणली, ते उत्तम झाले. रात्र-रात्र फोनमध्ये डोके घालणारी मुले आमच्याही घरात आहेत. म्हणूनच मुलांचा अर्ज आम्हांला शहाणपणाचा वाटतो. त्यांनी फोन मागितला नाही, खोली मागितली आहे. एक टीव्ही, आणि भोवती दहा-बारा जण.

कार्यकारिणीची बैठक पुढच्या रविवारी आहे. आमचे मत अर्जाच्या बाजूने नोंदवून घ्यावे. वीज बिलाची अडचण काढली जाईल, म्हणून सांगतो की महिन्याच्या दोन तासांचा खर्च आम्ही देऊ. टीव्ही चेंबूरच्या एका गृहस्थांनी देऊ केला आहे, जुना आहे पण चालतो. तो आणायला गाडी लागेल. त्यासाठी टेम्पो ठरला आहे, भाडे घेणार नाही म्हणतो. फक्त पहिल्या रविवारी काँट्रा लावायचा, अशी त्याची अट आहे.